लोकांना शिवीगाळ आवडते, हे कुणी ठरवलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नेत्यांच्या घसरलेल्या भाषेवर तुमच्या पेपरात मागच्या आठवड्यात जो लेख आला तो चांगला होता, पण त्यातलं शेवटचं वाक्य मला काही केल्या पचलं नाही. शेवटी लोकांनाच हे आवडतं, टाळ्या तेच वाजवतात, मतदार जसा तसा नेता, वगैरे. हे वाक्य आपल्याकडे सगळेच बोलतात, चहाच्या टपरीवर बोलतात, आमच्या स्टाफरूममध्ये बोलतात, आणि नेते तर फारच आनंदाने बोलतात कारण त्यात त्यांची आयती सुटका होते. मी कराडकडच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, आणि या विषयावर गेल्या वीसेक वर्षांत जो अभ्यास झालाय तो जवळजवळ याच्या उलटं सांगतो, म्हणून लिहायला बसले.

आधी एक उघड सांगते की यातला बराचसा अभ्यास अमेरिकेतला आहे. आपल्याकडे निवडणुकीचे सर्व्हे भरपूर होतात पण ते बहुतेक करून कोण कुणाला मत देणार, कुठली जात कुठे गेली, कुठला मुद्दा चालला याचे असतात. नेता घाणेरडं बोलला तर त्याच्याच मतदाराच्या मनात नक्की काय होतं, हे प्रयोग करून बघायचं काम तिकडे जास्त झालंय. तर २०१८ साली जेरेमी फ्रिमर आणि लिंडा स्किटका या दोघांनी नेमका हाच प्रश्न घेतला. तिकडच्या राजकारणातही असा समज आहेच की विरोधकाला चार शिव्या हासडल्या की आपले लोक खूश होतात, कुंपणावरचे नाराज झाले तरी चालेल. त्यांनी तपासलं तर उलटंच निघालं, उद्धट बोलणाऱ्याची इमेज घसरते आणि सभ्य बोलणाऱ्याची वाढते, आणि हे त्याच्या स्वतःच्या समर्थकांमध्येसुद्धा होतं. ट्रम्प यांची विधानं घेऊनही बघितलं, तर अगदी कट्टर समर्थकांमध्येही उद्धटपणामुळे त्यांची किंमत वाढल्याचं दिसलं नाही. म्हणजे आपला माणूस म्हणून ते चालवून घेतात, पण आवडलं म्हणून नाही. चालवून घेणं आणि आवडणं यात फरक आहे की नाही?

मग प्रश्न येतो की लोकांना आवडत नाही तर हे वाढतंय कसं. याचं उत्तर त्याच फ्रिमर यांनी आणखी काही लोकांना घेऊन पुढे शोधलं. अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांची २००९ ते २०१९ या काळातली साधारण १३ लाख ट्विट्स घेतली, आणि असं दिसलं की त्यातला असभ्यपणा २३ टक्क्यांनी वाढला. कारण काय, तर घाणेरड्या ट्विटला लाइक आणि रिट्विट जास्त मिळतात, आणि ज्याला ते मिळतात तो पुढच्या वेळी आणखी खाली उतरतो. आता गंमत बघा, एकीकडे लोकांना विचारलं तर त्यांना ते आवडत नाही, दुसरीकडे लाइकचा आकडा मात्र वाढतोय, आणि यात कुणी खोटं बोलत नाहीये. लाइक करणारे मूठभर असतात आणि तेच ते असतात, मत देणारे लाखो असतात आणि त्यातले बहुतेक काहीच लाइक करत नाहीत. पण नेत्याच्या हातातल्या मोबाईलवर दिसतात फक्त पहिले.

याच्या जोडीला डेन्मार्कमधल्या अलेक्झांडर बोर आणि मायकल बँग पीटरसन यांचा २०२२ चा अभ्यास आहे, तोही मला फार पटतो. आपण म्हणतो की मोबाईल हातात आला की चांगला माणूस बिघडतो. त्यांना तसं दिसलं नाही. जो ऑनलाइन राजकारणावरून अंगावर येतो तो समोरासमोरही तसाच असतो, फक्त पूर्वी तो पारावर चार जणांना ऐकू जायचा आणि आता चाळीस हजारांना दिसतो. आपल्या गावातली उदाहरणं डोळ्यासमोर आणून बघा, पटेल.

आता एक प्रत्यक्ष बघितलेलं सांगते. गेल्या विधानसभेच्या वेळी आमच्या शेजारच्या तालुक्यात एक मोठी सभा होती, नेता कोण आणि पक्ष कुठला ते सोडा, त्याने काही फरक पडत नाही. सासरे हट्टाने निघाले म्हणून मीही गेले. वक्त्याने आधी ऊसदराचं काढलं, मग सोयाबीन, मग उपसा सिंचनाचं वीजबिल, चांगलं बोलत होता बरं का, आकडेही होते, पण मैदानात शांतता. मागचे लोक शेंगा खात बसलेले, पोरं मोबाईलवर. मग त्याने विरोधी उमेदवाराच्या चालण्याची नक्कल केली आणि त्याच्या घरातल्या बायकांवरून एक वाक्य टाकलं, मी इथे लिहिणार नाही. शिट्ट्या पडल्या, पुढच्या पाच-सहा रांगांतली पोरं उभी राहिली आणि सगळे कॅमेरे वर झाले. टीव्हीवाल्यांचे बूम माईक तोपर्यंत खाली ठेवलेले होते हे मी स्वतः बघितलं. नंतर परत येताना जीपमध्ये दहा-बारा जण दाटीने बसलेलो, सगळे त्याच पक्षाचे, त्यातला एक वयस्कर गडी म्हणाला, "बोलतंय भारी, पण लेकीबाळींवर जायला नको हुतं. आता उद्या त्यांच्या गल्लीत मत मागाय कसं जायचं?" आणि बाकीचे हं हं करत गप्प बसले. दुसऱ्या दिवशी बातमी काय आली? सभेत शिट्ट्यांचा पाऊस, विरोधकांवर घणाघात. जीपमधलं कुणी छापत नाही, आणि खरं सांगायचं तर ते तिथपर्यंत पोचतच नाही.

त्या गड्याच्या वाक्यावरसुद्धा संशोधन आहे, हसू नका. जेम्स ड्रकमन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं की विरोधी बाजूचा कुणी वाह्यात बोलला की माणूस चिडून आपल्या पक्षाला आणखी घट्ट धरतो, पण तेच आपल्या बाजूच्याने केलं की माणूस ओशाळतो आणि आपल्याच बाजूपासून थोडा लांब सरकतो. म्हणजे शिवी देणारा स्वतःच्या माणसांना सैल करतो आणि समोरच्यांना एकजूट करून देतो. धंदा म्हणून बघितलं तरी हा तोट्याचा आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात महायुतीचे सदाभाऊ खोत जतच्या सभेत शरद पवारांच्या चेहऱ्यावरून जे बोलले ते आठवतंय का, तेव्हा सगळ्यात आधी झटकून टाकणाऱ्यांत अजित पवार होते, जे स्वतः महायुतीतच होते, आणि मग खोतांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. आपल्याच बाजूची लाज वाटणं म्हणजे हेच.

आता कुणी म्हणेल, मॅडम, मग निकाल काय सांगतात? इथे मी सावध आहे, कारण निकालावरून हे मोजायला गेलं की हवं ते सिद्ध करता येतं. मोदींनी २९ एप्रिल २०२४ ला पुण्यात नाव न घेता 'भटकती आत्मा' म्हटलं, कुणाला म्हटलं ते सगळ्या महाराष्ट्राला कळलं, आणि शरद पवारांच्या पक्षाने लोकसभेला लढवलेल्या दहापैकी आठ जागा जिंकल्या, तेव्हा सगळे म्हणाले बघा लोकांना रुचलं नाही. मग सहा महिन्यांत खोतांचं ते प्रकरण झालं आणि तरी भाजप, शिंदेसेना आणि अजितदादा मिळून विधानसभेच्या २८८ पैकी २३० जागा घेऊन गेले. नारायण राणेंना २०२१ च्या ऑगस्टमध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्याबद्दलच्या कानाखालीच्या वक्तव्यावरून केंद्रीय मंत्री असताना अटक झाली, आणि २०२४ ला ते रत्नागिरी-सिंधुदुर्गातून खासदार झाले. दिल्लीत उलटं, भाजपचे रमेश बिधुरी सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभेत बसपचे खासदार दानिश अलींना जे बोलले त्यानंतर २०२४ ला त्यांचं लोकसभेचं तिकीट गेलं, पुढे २०२५ च्या विधानसभेला कालकाजीत प्रियंका गांधी आणि आतिशी यांच्यावर पुन्हा जीभ घसरली, आणि अख्ख्या दिल्लीत भाजप ७० पैकी ४८ जागा जिंकत असताना हे मात्र आतिशींकडून पडले. यातून मी काय सिद्ध करू? काहीच नाही. मतदार मत देताना पक्ष बघतो, जात बघतो, लाडकी बहीण बघतो, कामं करणारा कोण आणि पोलीस स्टेशनला फोन लावणारा कोण ते बघतो, आणि भाषा त्यात कुठेतरी सातव्या-आठव्या नंबरवर असते. पण म्हणूनच 'शिव्या दिल्या आणि निवडून आला' यावरून 'शिव्या दिल्या म्हणून निवडून आला' असं ठरवणं चूक आहे. नकारात्मक प्रचारावरच्या १११ अभ्यासांचा एकत्र आढावा रिचर्ड लाऊ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये घेतला, त्यातही असा प्रचार लक्षात जास्त राहतो पण त्याने मतं मिळतात याला आधार सापडला नाही. सापडलं ते हे की सरकारवरचा विश्वास थोडा कमी होतो आणि आपल्या मताने काही फरक पडतो ही भावनाही थोडी कमी होते.

गर्दीचं म्हणाल तर भांडण बघायला अख्खी गल्ली बाहेर येते, म्हणून कुणी भांडखोर जावई शोधत नाही.

इथे एक गल्लत नेहमी होते तीही सांगते, कारण माझ्या वर्गात दर वर्षी होते. टीका करणं म्हणजे असभ्यपणा नाही. जॉन गीअर नावाचे अभ्यासक कायम सांगत आलेत की निवडणुकीत विरोधकाची उणीदुणी काढलीच पाहिजेत, नाहीतर मतदाराला कळणार कुठून? त्यांनी आणि डेबोरा ब्रूक्स यांनी २००७ मध्ये हे वेगवेगळं करून तपासलं, कामावरची टीका आणि माणसावरची टीका, सभ्य शब्दांत आणि असभ्य शब्दांत, तर लोकांना सगळ्यात अन्यायाची आणि सगळ्यात बिनकामाची वाटली ती माणसावरची असभ्य टीका. आपल्या निवडणूक आयोगाच्या आचारसंहितेतही हेच आहे, इतर पक्षांवर टीका करायची तर त्यांची धोरणं, कार्यक्रम, मागची कामगिरी एवढ्यापुरती करा, खासगी आयुष्यात शिरू नका. कागदावर आहे. २०१९ ला एप्रिल महिन्यात प्रचारातल्या आक्षेपार्ह वक्तव्यांवरून आयोगाने योगी आदित्यनाथ आणि आझम खान यांना ७२ तास, मायावती आणि मनेका गांधी यांना ४८ तास प्रचारबंदी केली होती, तीही सुप्रीम कोर्टाने विचारणा केल्यावर. यातलं कुणी त्या ४८-७२ तासांनी सुधारलं असेल असं मला वाटत नाही, पण निदान नियम आहे हे तरी लोकांना कळलं.

आणि कृपा करून 'पूर्वी असं नव्हतं' हेही नको. आचार्य अत्रे काय गुळगुळीत लिहायचे का? बाळासाहेब ठाकरे शरद पवारांना मैद्याचं पोतं म्हणायचे आणि सभा हसून लोळायची. पण त्याच बाळासाहेबांनी २००६ ला सुप्रिया सुळे राज्यसभेला उभ्या राहिल्यावर विरोधात उमेदवार दिला नाही, ही गोष्ट पवारांनी स्वतः सांगितलेली आहे. विलासराव आणि मुंडे एकमेकांना स्टेजवरून टोमणे मारायचे ते लातूर-बीडच्या माणसाला आजही पाठ असतील, आणि त्यांची दोस्तीही सगळ्यांना माहीत होती. ऐकणाऱ्याला कळायचं की हे भांडण कुठे थांबतं. आत्ता वरचे लोक थांबत नाहीत असं नाही, ते तर थांबतातच, २०२२ च्या जूनमध्ये शिवसेना आणि २०२३ च्या जुलैत राष्ट्रवादी फुटल्यावर आपण बघितलंच की काल ज्याला काय काय म्हटलं त्याच्याच शेजारी आज खुर्ची. थांबत नाही ते खालचं. नेते एका गाडीत बसले तरी गावातले दोन चुलतभाऊ अजून बोलत नाहीत कारण त्यांनी नेत्यासाठी एकमेकांच्या आयांचा उद्धार केलेला असतो व्हॉट्सॲपवर, आणि त्याचे स्क्रीनशॉट आहेत.

टीव्हीचं तर विचारू नका, पण तिथेही एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. डायाना मट्झ आणि बायरन रीव्हज यांनी २००५ साली चक्क नट घेऊन निवडणुकीतल्या उमेदवारांची खोटी चर्चा शूट केली. मुद्दे दोन्ही वेळा तेच, वाक्यंही जवळपास तीच, फक्त एकदा नीट बोलले आणि एकदा मध्येमध्ये तोडत, डोळे फिरवत, आवाज चढवत. बघणाऱ्यांच्या त्वचेवर सेन्सर लावून ते किती उत्तेजित होतात तेही मोजलं. भांडणाची चर्चा लोकांना जास्त मनोरंजक वाटली, शरीरानेही तसंच दाखवलं, आणि ती बघून झाल्यावर राजकारणी आणि संसद यांच्यावरचा त्यांचा विश्वास कमी झाला. दोन्ही एकाच वेळी. पुढे २००७ मध्ये मट्झबाईंनी नुसता कॅमेरा जवळ-लांब करून बघितलं, तर चेहरा क्लोजअपमध्ये आणि बोलणं उर्मट असलं की मुद्दे लक्षात राहतात पण समोरच्या बाजूचं म्हणणं ऐकून घेण्यासारखं आहे असं वाटणं कमी होतं. आपल्याकडे रात्री नऊ वाजता आठ खिडक्यांत आठ क्लोजअप असतात.

बायकांचा विषय शेवटी घेतेय पण तो सगळ्यात वर हवा होता. ॲम्नेस्टी इंडियाने मार्च ते मे २०१९, म्हणजे लोकसभेच्या काळात, ९५ महिला राजकारण्यांना उद्देशून आलेली ट्विट्स तपासली, दर सातांत एक त्रासदायक किंवा शिवराळ होतं. कॅनडा आणि अमेरिकेतल्या २०१९ च्या एका अभ्यासात दिसलं की बाई जितकी मोठ्या पदावर, जितकी नजरेत भरणारी, तितकं तिला पुरुषापेक्षा जास्त ऐकून घ्यावं लागतं. आपल्याकडे यात पक्ष बघायची सोयच नाही. २०२२ ला शिंदेसेनेचे अब्दुल सत्तार सुप्रिया सुळेंना बोलले, २०२४ ला ठाकरेसेनेचे अरविंद सावंत शिंदेसेनेच्या शायना एनसींबद्दल बोलले, दोघांनी दोन बाजूंनी. मग दिलगिरी, 'विपर्यास केला', 'महिलांचा आदरच आहे', हे ठरलेलं. पण याचा परिणाम मोजायचा तर माझ्या वर्गात या. स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून बायकांना ५० टक्के आरक्षण आहे हे मी दर वर्षी शिकवते. यंदा एका मुलीला, जी एनएसएसच्या कॅम्पमध्ये शंभर पोरांना कामाला लावते, मी सहज म्हटलं की तू पुढे पंचायत समितीला उभी राहा. ती म्हणाली, "मॅडम, उभी राहीन पण माझा फोटो बॅनरवर गेला की खाली कमेंटमध्ये काय येतं ते पप्पा वाचतात, ते नाही म्हणणार." ती नेत्यांबद्दल बोललीच नाही, निवडणूक हरण्याबद्दलही नाही. कमेंटबद्दल बोलली. 'लोकांना आवडतं' म्हणणाऱ्यांनी या मुलीला कुठल्या लोकांत धरलंय?

आता तुमच्याकडे येते, कारण पत्र तुम्हाला आहे. सकाळी एकाने बाईट द्यायचा, दुपारी दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं, संध्याकाळी तिसऱ्याने उडी घ्यायची, आणि तुमच्या ॲपवर दिवसभर सणसणीत टोला, जोरदार पलटवार, खरपूस समाचार अशी नोटिफिकेशन येत राहायची. यात बातमी किती होती? मी एक दिवस माझ्या टीवायच्या मुलांना तुमचं राजकारणाचं पान दिलं आणि सांगितलं की प्रत्येक बातमीत मूळ मुद्दा काय होता तो एका ओळीत लिहा. बऱ्याच बातम्यांपुढे पोरांनी 'माहीत नाही' लिहिलं, आणि ती हुशार पोरं आहेत. शिवी शब्दशः छापलेली, वाद पीकविम्याचा होता की पाण्याचा हे चौथ्या परिच्छेदातही नाही.

मी शिवी छापूच नका म्हणत नाही, मंत्री काय बोलला ते लोकांना कळायलाच हवं, लपवून कुणाचं भलं होणार नाही. पण हेडिंगमध्ये शिवी नको, हेडिंगमध्ये प्रश्न ठेवा, 'पीकविम्याच्या प्रश्नावर मंत्र्यांकडून उत्तर नाही' असं, आणि शिवी आत, त्याच्या नावासकट. सभेला गेलेल्या वार्ताहराने पुढच्या पाच रांगांच्या शिट्ट्या लिहाव्यात, पण मागे शेंगा खाणाऱ्यांनाही दोन वाक्यं विचारावीत. आणि जमलं तर निवडणुकीच्या काळात एक छोटा चौकोन ठेवा, कुठल्या नेत्याने आठवडाभरात किती वेळ मुद्द्यावर घालवला आणि किती माणसांवर, मोजायचं काम माझी मुलं फुकट करतील, त्यांना प्रोजेक्ट हवाच असतो. सगळ्याच पक्षांचे फोन येतील तुम्हाला, त्याची तयारी ठेवा.

पत्र फार लांबलंय, कापावं लागेल हे कळतं. कापायचंच तर अत्रे-बाळासाहेबांचा भाग कापा, तो लोकांना माहीत आहे. त्या मुलीचा ठेवा.

कळावे,
तुमची एक वाचक, कराड